टेप हाँगकाँगला पोहोचेपर्यंत

खासगी दूरचित्रवाणीच्या पहिल्या दशकात आपला प्रेक्षक जे हिंदी कार्यक्रम पाहत होता, ते बहुतांशी मुंबईत तयार होत असले तरी आकाशात मात्र परदेशातून जात होते. १९९४ पासून पुढची काही वर्षे मी मुंबईत उपग्रह वाहिन्यांवरच्या मालिकांच्या संकलनाचे काम केले, सुरुवातीला साहाय्यक म्हणून आणि पुढे स्वतंत्रपणे. त्या वर्षांविषयी लिहिताना कायदे, न्यायालयीन निकाल आणि भांडवल यांची चर्चा पुष्कळ होते आणि ती व्हायलाच हवी. पण एखादा भाग चित्रीकरणाच्या जागेवरून निघून प्रेक्षकाच्या घरी पोहोचेपर्यंत कोणकोणत्या यंत्रांतून आणि हातांतून जात असे, याची नोंद त्या मानाने फारच थोडी आहे. त्या मालिकांचा वेग, त्यांची मांडणी आणि त्यांच्या काही सवयीसुद्धा या प्रवासाने घडवल्या, असे माझे मत आहे, आणि म्हणूनच तो प्रवास मी जसा अनुभवला तसा मांडत आहे.

टेप परदेशी का पाठवावी लागे, हे आधी सांगायला हवे. १८८५ च्या भारतीय तार कायद्यानुसार प्रक्षेपणाचा अधिकार सरकारकडे होता आणि जमिनीवरून उपग्रहाकडे संकेत पाठवण्याची, म्हणजे अपलिंकची, सोय विदेश संचार निगमाच्या हाती होती. खासगी वाहिनीला देशातून अपलिंक करण्याची मुभा नव्हती. मात्र परदेशातून उपग्रहाकडे गेलेला संकेत इथे डिश लावून उतरवून घेण्याला कायद्यात स्पष्ट अटकाव नव्हता. १९९१ च्या आरंभी आखाती युद्धाची दृश्ये सीएनएनवर पाहण्यासाठी मोठ्या हॉटेलांत डिश लागल्या, त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीच्या वाहिन्या एशियासॅट-१ या उपग्रहावरून सुरू झाल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी त्याच उपग्रहावरून झी टीव्ही ही हिंदी वाहिनी सुरू झाली. सोसायट्यांमध्ये व्हिडिओवर सिनेमे दाखवणाऱ्या केबलवाल्यांनी तारांचे जाळे आधीच विणून ठेवलेले होते. त्यांनी गच्चीवर जाळीची मोठी डिश बसवली आणि नव्या वाहिन्या त्याच तारेतून घराघरांत सोडल्या. या व्यवसायाचे नियमन करणारा केबल कायदा १९९५ मध्ये संमत झाला, तोवर जाळे शहरभर पसरलेले होते. आमच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ एवढाच होता, की भाग अंधेरीत तयार झाला तरी तो विमानाने हाँगकाँगला गेल्याशिवाय अंधेरीतल्या टीव्हीवर दिसणार नव्हता.

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकले ते ज्येष्ठ संकलक दूरदर्शनच्या प्रायोजित मालिकांमधून आले होते, त्यामुळे दोन्ही पद्धतींतला फरक मला पहिल्या महिन्यापासून ऐकायला मिळाला. दूरदर्शनवर निर्माता पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, सादर करी, मंजुरी मिळाली तर ती बहुधा १३ भागांची असे, प्रायोजक त्यानेच शोधायचा, दूरदर्शनला प्रक्षेपणाचे शुल्क भरायचे आणि त्या बदल्यात मिळालेले जाहिरातीचे सेकंद विकून खर्च भरून काढायचा. उपग्रह वाहिनीने हा व्यवहार उलटा केला. आमच्या निर्मात्याला वाहिनी प्रत्येक भागाची ठरावीक रक्कम देई, जाहिराती वाहिनी स्वतः विकी आणि भागावरचे सर्व हक्क तिच्याकडे जात. प्रायोजकाच्या दारात उभे राहण्याची दगदग संपली म्हणून निर्माते खूश होते, आणि ते साहजिकही होते. मात्र पैसे हाती पडत ते भाग प्रक्षेपित झाल्यानंतर, कित्येकदा त्यालाही दोन-तीन महिने लोटल्यावर. तोवर चित्रीकरणाचे भाडे, कलाकारांचे मानधन आणि टेपचा खर्च निर्माता उसनवारीवर चालवी. त्या काळात बंद पडलेल्या अनेक छोट्या निर्मितीसंस्थांच्या मालिका प्रेक्षकांनी नाकारलेल्या नव्हत्या; त्या संस्था या मधल्या महिन्यांत बुडाल्या.

चित्रीकरणाविषयी थोडक्यातच सांगते. मढ बेटावरचा एखादा बंगला किंवा गोरेगावच्या चित्रनगरीतला सेट, एक कॅमेरा, बेटाकॅम एसपी या व्यावसायिक व्हिडिओ टेपच्या अर्ध्या तासाच्या लहान कॅसेट आणि दिवसाअखेर पिशवीत भरून एडिट रूमला येणाऱ्या त्या कॅसेटसोबत सहदिग्दर्शकाने लिहिलेली शॉटची यादी. यादी नीट लिहिलेली असेल तर आमचा दिवस वाचे. टेपवर प्रत्येक फ्रेमचा स्वतःचा क्रमांक असतो: तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, त्यामुळे पंचविसाव्या फ्रेमनंतर पुढचा सेकंद सुरू होतो. हा टाइमकोड म्हणजे आमच्या सगळ्या कामाचा पत्ता होता. मूळ टेप वारंवार फिरवली तर झिजते, म्हणून तिची व्हीएचएसवर प्रत काढायची, त्या प्रतीवर टाइमकोडचे आकडे चित्रातच छापून घ्यायचे आणि ती पाहत पाहत कोणता शॉट कुठून कुठपर्यंत घ्यायचा ते कागदावर उतरवायचे. हे ऑफलाइन. त्याचे भाडे कमी असल्यामुळे दिग्दर्शकाशी होणारे सगळे वाद इथेच मिटवून टाकायचे, असा आमच्या वरिष्ठांचा दंडक होता. ऑनलाइनच्या, म्हणजे अंतिम मास्टर टेप बांधण्याच्या, खोलीत घड्याळ भाड्याचे असे, तिथे चर्चेला जागा नव्हती.

ऑनलाइनची खोली म्हणजे तीन बेटाकॅम यंत्रे, त्यांना चालवणारा एडिट कंट्रोलर, मिश्रणासाठी स्विचर, दोन चांगले मॉनिटर आणि संकेताची मोजमापे दाखवणारे वेव्हफॉर्म व वेक्टरस्कोप. तीनपैकी दोन यंत्रांवर मूळ टेप लागत, तिसऱ्यावर मास्टर तयार होई. काम सुरू होण्याआधी कोऱ्या टेपवर सलग काळे चित्र आणि अखंड टाइमकोड भरून घ्यावा लागे, कारण त्याखाली असणाऱ्या कंट्रोल ट्रॅकशिवाय, म्हणजे टेपची गती जुळवणाऱ्या खुणांशिवाय, मधल्या जागी शॉट बसवता येत नाही. तासाची टेप काळी करायला तासच लागतो, म्हणून ते साहाय्यकाचे रात्रीचे काम. “आधी काळं टाकून ठेव, मग चित्राचं बोलू,” हे वाक्य आमचे वरिष्ठ निघताना म्हणत आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या पहिल्यांदा तेच तपासत.

मग एकेक जोड. कंट्रोलरवर मूळ टेपचा सुरुवातीचा क्रमांक, शेवटचा क्रमांक आणि मास्टरवरची जागा भरायची. बटण दाबले की सगळी यंत्रे त्या जागेच्या पाच सेकंद मागे जात, तिथून एकत्र धावू लागत, एकमेकांशी जुळून घेत आणि नेमक्या फ्रेमवर मास्टर ध्वनिचित्र उचलून घेई. आधी नुसते पाहून घ्यायचे, मग मुद्रण करायचे. एका भागात असे काहीशे जोड असत आणि प्रत्येकाला हा मागे जाण्याचा व धावण्याचा वेळ द्यावाच लागे. एक दृश्य विरघळून दुसरे उमटायचे असेल तर दोन्ही शॉट वेगवेगळ्या टेपवर हवेत. एकाच कॅसेटवर असतील तर त्यातल्या एकाची आधी प्रत काढायची. प्रत काढली की चित्र एक पायरी उतरते. तिसऱ्या पिढीच्या प्रतीत माणसांच्या केसांची कड भुरकट दिसू लागते, त्यामुळे असे विरघळणारे जोड आम्ही जपून वापरत असू.

या पद्धतीतली खरी अडचण दुरुस्तीच्या वेळी समोर येई. समजा, २३ मिनिटांचा भाग बांधून झाला आणि सहाव्या मिनिटातले चार सेकंदांचे एक वाक्य काढून टाकायचे ठरले. आजच्या संगणकावर ते वाक्य पुसले की पुढचे सगळे चित्र आपोआप मागे सरकते. टेपवर काहीही सरकत नाही. सहाव्या मिनिटानंतरचे सगळे चित्र जिथल्या तिथे असते आणि मध्ये चार सेकंदांचे भोक पडलेले असते. यावर तीनच उपाय होते. तिथून पुढचा सगळा भाग नव्याने बांधायचा, म्हणजे आणखी एक शिफ्ट. किंवा पुढच्या भागाची प्रत काढून ती चार सेकंद अलीकडे बसवायची, म्हणजे उरलेल्या सतरा मिनिटांच्या चित्राची एक पिढी घालवायची. किंवा त्या भोकात बरोबर चार सेकंदांचे दुसरे काहीतरी भरायचे. दहापैकी नऊ वेळा तिसराच उपाय निवडला जाई, आणि ते दुसरे काहीतरी म्हणजे दृश्यातल्या कोणाचा तरी चेहरा असे. सासूचा दीड सेकंद, मोठ्या दिराचा एक, नायिकेचा दीड, भोक भरले. पुढे पुढे दिग्दर्शक चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्येक पात्राच्या निःशब्द चेहऱ्याचे दोन-चार जादा शॉट घेऊन ठेवू लागले, एडिटला लागतील म्हणून. मालिकांतल्या ज्या लांबलेल्या प्रतिक्रियांवर पुढे टीका होऊ लागली, त्यांची कारणे अनेक आहेत; पण त्यांतले एक कारण मी त्या खोलीत माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते होते न सरकणाऱ्या टेपवरचे चार सेकंद.

दुसरा मोठा बदल जाहिरातींनी आणला. दूरदर्शनवर प्रायोजकांच्या जाहिराती मुख्यतः कार्यक्रमाच्या आधी लागत, त्यामुळे लेखक कथा सलग लिहू शके. उपग्रह वाहिनीला जाहिराती भागाच्या पोटात हव्या होत्या. अर्ध्या तासाच्या जागेत मूळ मजकूर २२ ते २३ मिनिटांचा, त्याचे तीन किंवा चार तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी प्रेक्षकाने दुसरी वाहिनी लावू नये असे काहीतरी. जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर ठरे, म्हणून वाहिनीच्या हिशेबात वेळ सुद्धा दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत मोजला जाई. जाहिरातींना तासाला बारा मिनिटांची मर्यादा तेव्हा नियमांत आलेली नव्हती. तरीही सुरुवातीच्या वर्षांत सगळी जागा विकली जात नसे, उरलेली जागा वाहिनी आपल्याच कार्यक्रमांच्या प्रोमोंनी भरी, आणि म्हणून प्रत्येक भागासोबत प्रोमोसाठी वेगळे तुकडे काढून देणे हे आमच्या कराराचाच भाग होते.

आमच्याकडे येणाऱ्या पटकथांमध्ये हा बदल वर्षभरातच दिसू लागला. आधी दृश्य जिथे भावनेने संपे तिथे संपे. आता दृश्याच्या मधोमध दार उघडे, फोन वाजे किंवा कोणीतरी अर्धे वाक्य बोलून थांबे, आणि तिथे ब्रेक येई. ब्रेकनंतर तेच अर्धे वाक्य पुन्हा सुरू करायचे, कारण मधल्या दोन मिनिटांत प्रेक्षक स्वयंपाकघरात जाऊन आलेला असतो. चांगल्या लेखकाच्या हातात या बंधनाने नाट्य वाढले, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. कथेची पकड कुठे सुटते हे अशा तीन थांब्यांमुळे लगेच कळे. पण ज्या कथेचा जीव संथ होता, तिचा जीव या पद्धतीत जात असे. एका कौटुंबिक मालिकेत आजी आणि नात यांचे नऊ मिनिटांचे, एका बैठकीतले, अतिशय सुंदर दृश्य आम्ही बांधले होते. त्याचे दोन तुकडे करावे लागले, आणि तुकडा पाडण्यासाठी मध्ये दारावरची घंटा घालावी लागली. आजी वळून पाहते, ब्रेक. परतल्यावर घंटेचा विषयही निघत नाही. ते दृश्य अखंड असताना पाहिलेले आम्ही पाच-सहा जणच होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

श्रेयनामावलीचे काम मला मनापासून आवडे. अक्षरे टाकणारे जे यंत्र होते ते इंग्रजीसाठी ठीक होते, पण देवनागरीत त्याची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न बसता शेजारी पडे, रफार हरवे आणि जोडाक्षरे तुटून हलन्ताचे पाय लोंबत राहत. म्हणून चांगल्या मालिकांची शीर्षके सुलेखनकाराकडून काळ्या कार्डावर पांढऱ्या रंगात लिहून घेत, ते कार्ड स्टँडवर लावून कॅमेऱ्याने टिपत, आणि स्विचरवर काळा भाग वगळून फक्त पांढरी अक्षरे चित्रावर आणत. पांढरा रंग कुठे पातळ लागला असेल तर तेवढ्या जागी अक्षराला भोक पडे आणि मागचे चित्र दिसे, म्हणून कार्ड उजेडासमोर धरून तपासायचे आणि बारीक ब्रशने रंग पुन्हा भरायचा. वेलांटीच्या टोकाला जिथे ब्रश उचललेला असतो तिथे रंग नेहमी पातळ असे. कलाकार-तंत्रज्ञांची नावे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, आणि प्रकाशयोजना करणाऱ्या किंवा वेशभूषा सांभाळणाऱ्या माणसाचे नाव पडद्यावर शुद्ध यावे हा आग्रह मी शेवटपर्यंत सोडला नाही.

यानंतर ध्वनी, मग गुणवत्ता तपासणी. संवादाची पट्टी, पार्श्वसंगीत आणि दारे, पावले, भांडी यांचे आवाज एकत्र करून मास्टरवर चढवले की पूर्ण भाग पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत न थांबता पाहायचा. मास्टरच्या सुरुवातीला मिनिटभर रंगपट्ट्या आणि सोबत एक हजार हर्ट्झचा सूर असे. हाँगकाँगच्या तंत्रज्ञाने आपले यंत्र त्यावर जुळवून घ्यायचे. पट्ट्या आणि पुढचे चित्र यांची पातळी एकसारखी नसेल तर टेप नापास. टेपवरचा लेप कुठे सुटला असेल तर पडद्यावर क्षणभर पांढरी आडवी रेघ चमकून जाते; तिला ड्रॉपआउट म्हणतात आणि ती एका जागी दोनदा दिसली तर तो शॉट पुन्हा भरायचा. सर्वांत जास्त त्रास लाल रंगाने दिला. बऱ्याच एडिट रूममध्ये यंत्रांची जोडणी अजून कंपोझिट, म्हणजे रंग आणि प्रकाश एकाच तारेतून नेणारी, होती आणि अशा जोडणीत गडद लाल रंग आपल्या कडा सोडून शेजारी पसरतो. नायिकेचा लाल शालू आमच्या मॉनिटरवर जेमतेम ठीक दिसे, पण केबलच्या तारेतून जुन्या टीव्हीवर पोहोचल्यावर त्याचा रंग पदराबाहेर सांडे. रंग मोजणाऱ्या वेक्टरस्कोपवर लाल टोकाकडे धावणारा ठिपका आत ओढून धरण्यासाठी आम्ही रंग उतरवत असू आणि मग वेशभूषाकार येऊन तक्रार करत, की शालू विटकरी झाला. शेवटी दिग्दर्शकाला पटवून पूर्ण लालऐवजी मरून किंवा डाळिंबी निवडायला सांगणे, हा त्यावरचा खरा उपाय निघाला.

पावसाळ्यात या सगळ्याला आणखी एक कसोटी लागे. टेप चालणारे यंत्र दमटपणाला फार हळवे असते. थंड खोलीत दार वारंवार उघडले, बाहेरची ओली हवा आत आली की फिरत्या ड्रमवर बाष्प धरते, यंत्रावर आर्द्रतेचा दिवा लागतो आणि ते टेप घ्यायला नकार देते. अशा वेळी जबरदस्ती केली तर टेप ड्रमला चिकटून फाटते. थांबणे हाच इलाज. जुलैतल्या एका रात्री तिन्ही यंत्रांचे दिवे लागले असताना सकाळच्या विमानाची टेप अर्धी राहिली होती. वरिष्ठांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढले, दाराच्या फटी पडद्याच्या कापडाने बंद केल्या आणि पहाटे तीनपर्यंत कोणालाही दाराला हात लावू दिला नाही. टेप वेळेत गेली.

टेप जाणे हेही एक काम होते. मास्टर आणि त्याची सुरक्षित प्रत अशा दोन कॅसेट तयार होत. प्रत आमच्याकडे राही, मास्टर हाँगकाँगला जाई. कॅसेटवर, डब्यावर आणि सोबतच्या कागदावर मालिकेचे नाव, भागाचा क्रमांक, एकूण लांबी आणि प्रत्येक तुकड्याचा सुरुवात-शेवट तंतोतंत सारखा हवा. तिन्ही ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर टेप बाजूला ठेवली जाई. तिकडे टेप लावणारा माणूस हिंदी जाणणारा असेलच असे नव्हते. म्हणून क्यू शीटमध्ये, म्हणजे त्या सोबतच्या कागदावर, प्रत्येक तुकड्याचे शेवटचे शब्द रोमन लिपीत लिहायचे आणि शेवटचे चित्रही वर्णन करून सांगायचे: निळ्या साडीतली वयस्कर स्त्री, डावीकडे पाहते, चित्र स्थिर. आपल्या आणि हाँगकाँगच्या घड्याळात अडीच तासांचा फरक आहे, त्यामुळे आमचा रात्री नऊचा भाग तिथे साडेअकराला लागे. कागदावर कोणती वेळ लिहिली आहे हे स्पष्ट असावे म्हणून दोन्ही वेळा लिहिण्याची पद्धत आम्ही घालून घेतली.

कुरियर, कस्टमचे कागद, सहार विमानतळाचा मालविभाग, विमान आणि पलीकडे काय ताक विमानतळ, असा मार्ग होता. आपल्याकडे पाऊस ज्या महिन्यांत असतो त्याच महिन्यांत दक्षिण चिनी समुद्रात वादळे उठतात. हाँगकाँगला वादळाचा इशारा लागला की विमाने थांबत आणि आमची टेप कुठल्यातरी गोदामात बसून राही. या अनिश्चिततेवर वाहिनीचा उपाय म्हणजे भागांची बँक. साप्ताहिक मालिकेचे किमान चार भाग आगाऊ पोहोचलेले असावेत, असा आमच्या करारात नियम होता. त्याचा परिणाम आशयावर झाला. महिनाभर आधी बांधलेल्या भागात आजच्या बातमीचा उल्लेख येऊ शकत नाही, सणाचा भाग पितृपक्षात चित्रित करावा लागतो, आणि एखादे पात्र प्रेक्षकांना आवडेनासे झाले हे कळेपर्यंत त्याचे आणखी चार भाग रवाना झालेले असतात. प्रेक्षकसंख्येचे आकडेही सावकाश येत. सुरुवातीला निवडक घरांत डायऱ्या भरून घेत, टीव्हीला जोडून पाहणाऱ्यांची नोंद घेणारे पीपलमीटर नंतर आले. त्यामुळे त्या वर्षांतल्या कथा मध्येच वळण घेत नसत. लेखकाने ठरवलेला शेवट बहुधा तोच शेवट असे, आणि मला ती त्या काळाची मोठी जमेची बाजू वाटते.

भाग प्रक्षेपित होताना पाहणे हाही कामाचा भाग होता. आम्ही तो केबलवर पाहत असू, कारण प्रेक्षक तोच पाहत होता. एकदा आमच्या मालिकेचा दुसरा आणि तिसरा तुकडा उलटसुलट लागला. आमची क्यू शीट बरोबर होती, त्यावरचे आकडे मास्टरशी जुळत होते, तरी वाहिनीकडून महिनाभर लेखी खुलासा मागवला गेला आणि त्या भागाचे पैसे अडकले. शेवटी आमच्याकडच्या सुरक्षित प्रतीवरून सिद्ध झाले, की क्रम प्रसारण कक्षात बदलला होता. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याच्या आधी काळ्या चित्रावर त्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत टाकणे आम्ही सुरू केले.

या काळात बाहेर मोठ्या गोष्टी घडत होत्या. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला, आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिले होते. आमच्या एडिट रूममध्ये त्या निकालाची चर्चा मुख्यतः एका प्रश्नाभोवती झाली: आता टेप हाँगकाँगला पाठवावी लागणार नाही का? लागणार होती, आणि बरीच वर्षे लागली. निकालाने तत्त्व मांडले, पण खासगी कंपन्यांना देशात स्वतःची भूकेंद्रे उभारून अपलिंक करण्याची वाट मोकळी झाली ती जुलै २००० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी. तोवर आमच्या काही टेप हाँगकाँगऐवजी सिंगापूरला जाऊ लागल्या होत्या, एवढाच बदल.

दरम्यान १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी. इतकी वर्षे हिंदीत काम केल्यावर आपल्या भाषेतले भाग बांधायला मिळाले, याचा आनंद मी शब्दांत मांडू शकत नाही. संवादातला विराम कुठे घ्यायचा हे कानाला न विचारता कळत होते. मालिका आता रोजच्या झाल्या, एडिट रूममध्ये संगणक आले, आणि अपलिंक देशात आल्यावर भागांची बँक चार आठवड्यांवरून चार दिवसांवर, कधी त्याहूनही खाली घसरली. सोमवारी चित्रित झालेला भाग त्याच आठवड्यात दिसू लागला, आकडे आठवड्याला येऊ लागले आणि आकडे पाहून कथा वळू लागली. सहाव्या मिनिटातले चार सेकंद काढणे क्षणाचे काम झाले आणि पुढचे चित्र आपोआप मागे सरकू लागले. तरीही चेहऱ्यांचे ते शॉट गेले नाहीत. भोक भरण्यासाठी त्यांची गरज उरली नव्हती, पण तोवर रोजच्या भागाची लांबी भरून काढायला ते हाताशी आलेले साधन झाले होते, आणि आमच्याकडे येणाऱ्या पटकथांमध्ये दृश्याच्या शेवटी लेखक स्वतःच लिहू लागले: सर्वांच्या प्रतिक्रिया, प्रत्येकी एक.